दोन बैलांचा पोळा

“घरात पोट्टं हाये का?” फाटक उघडायच्या आधीच घरमालकांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, झालं! रायपूरभर घर शोधून आमचे पाय दुखून गेले होते, आणि लहान मूल आहे म्हटलं की लोक दार लावून घ्यायचे. भिंती रंगवते, टाकीचं पाणी सांडते, दुपारी झोपू देत नाही. मी भंडाऱ्याची आहे, वेळेवर थाप मारायला मला कोणाला विचारावं लागत नाही; पण रेवा कडेवरच बसली होती, तिला कुठं लपवणार? “आहे ना. ही काय,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

“तिच्यापाशी बैल हाये का?”

माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं होतं.

“लाकडाचा बैल. तान्ह्या पोळ्याचा. भंडाऱ्याच्या लोकायले हे बी समजावून सांगा लागते का?”

“नाही अजून. घेऊ.”

“मग आना सामान,” ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. रेवाला नाही, नवऱ्याला नाही, मला.

असे आमचे काकाजी. इथं मोहल्ल्याला पारा म्हणतात; सगळा पारा त्यांना काकाजीच म्हणायचा, आणि सगळा पारा त्यांना थोडा घाबरायचाही. भनपुरीच्या अलीकडे रेल्वेत नोकरीला आलेल्या मराठी लोकांनी कधीकाळी घरं बांधली, तो हा पारा. काकाजी मालगाडीचे गार्ड होते. नोकरी सुटली तरी गार्डपणा सुटला नव्हता. घरातून निघताना फाटकात उभं राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघायचे, आणि कोणीही नसलं तरी हात वर करायचे. एखादी गोष्ट पटली नाही की वाद घालायचे नाहीत, “सिग्नल नाही,” एवढं म्हणून पेपर उघडायचे. त्यानंतर त्यांच्यासमोर डोकं आपटलं तरी उपयोग नसायचा. मी आपटून पाहिलेलं आहे.

“जिंदगीभर मी गाडीच्या मागं बसलो पोरी,” ते सांगायचे. “समोर काय हाये, मले कधी दिसलं नाही. पन माहा एक बी डब्बा रस्त्यात सुटला नाही.”

रेवाशी त्यांचं एक वेगळंच नाटक होतं. माझी पोट्टी मराठी समजते, पण बोलते हिंदी. मी विचारलं “जेवलीस का?”, की “खा लिया ना मम्मी!” मी ओरडून ओरडून थकले. काकाजींनी पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं, “मले हिंदी समजत नाही.” ज्या माणसानं सगळा जन्म बिलासपूर लाइनवर हिंदीत काढला, त्यानं! रेवाला ते खरं वाटलं. म्हाताऱ्याला बिचाऱ्याला येत नाही म्हणून ती त्यांच्यापुरती मराठी बोलायला लागली, आणि तीही त्यांचीच, “काकाजी, काहून झोपून राहिले? उठा ना!” अशी. मी पुस्तकातलं मराठी शिकवायला बसले होते, आणि पोरगी वऱ्हाडी होऊन उठली. मला काय, मी खूश.

आता तान्हा पोळा ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी पोरं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत तोरणाखालून नेतात, आणि मग दारोदार जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे खाऊ, चॉकलेट, जे मिळेल ते. आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडे या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. रायपुरातल्या या पाऱ्यात तो काकाजींच्या हट्टावर चालायचा.

आणि हट्ट म्हणजे कसा! पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून ते त्या दिवशी स्कूटर काढायचे नाहीत. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतात, तसं ते स्कूटरच्या हँडलला हळद-तूप लावायचे. “सालभर माहं वझं हेच वाहते ना?” मग दिवसभर पायी फिरायचे. त्या दिवशी वरच्या मजल्यावरून माझ्या मिक्सरचा आवाज आला तर जिन्याखालून ओरडायचे, “त्याले बी आराम दे ना वं! पाट्यावर वाट!” मी दात ओठ खात पाट्यावर वाटायची. वाटण मात्र चांगलं व्हायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तान्ह्या पोळ्याचे नियम तर विचारू नका. आईबापांनी नालीच्या पलीकडे उभं राहायचं, बैलाला हात लावायचा नाही. बैल पडला तर पोरानं उचलायचा. तोरणाखालून जायच्या आधी प्रत्येकानं झडती म्हणायची, म्हणजे कोणाची तरी खोडी काढणाऱ्या दोन-चार ओळी, यमक जुळवून. पोळ्यात झडत्यांनीच तर मजा येते. पाठ केलेली चालायची नाही. “ज्याच्यावर राग हाये त्याच्यावर म्हन. राग नसन तर बैल घेऊन घरी जाय.”

एका वर्षी मोठ्या गाडीतून एक पुढारी आपल्या नातवाला घेऊन आले. नातवाच्या हातात रिमोट. बटण दाबलं की बैल चालायचा, डोळे लाल व्हायचे, वर गाणंही वाजायचं. पुढाऱ्यांबरोबरचे लोक मोबाइल काढून उभे. काकाजींनी बैल उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, “दोरी कोठी हाये?”

“काकाजी, ये तो रिमोट का है,” कोणीतरी म्हणालं.

“बैलाले ओढा लागते. जो ओढत नाही त्याले वजन समजत नाही. सिग्नल नाही.”

पुढारी हसले, मग हसायचे थांबले. शेवटी माझ्या नवऱ्यानं धावत जाऊन सुतळी आणली, बैलाच्या गळ्यात बांधली, आणि तो पोरगा बटण सोडून ओढायला लागला. त्या पोराएवढा आनंदी पोरगा मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही. पुढारी मात्र पुन्हा आले नाहीत.

तसे एकेक जण यायचे बंदच होत चालले होते. कोणी नव्या रायपूरला फ्लॅट घेतला, कोणाची पोरं मोठी झाली, कोणी घर विकून नागपूरला गेलं.

काकाजी एकटेच राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, नवव्या मजल्यावर. तो रोज फोन करायचा, आणि रोज एकच गोष्ट बोलायचा, “बाबा, इकडे या.” काकाजी म्हणायचे, “तिथं मी बोललो का लिफ्टमधले लोक हासतेत.” मग पेपर उघडायचे. फोनवर मुलाला पेपर दिसायचा नाही, पण त्याला कळत असणार.

मागच्या पावसाळ्यात ते हापशीपाशी चक्कर येऊन खाली बसले. मीच धरून आणलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, एकटं राहू नका म्हणून सांगितलं. मी मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता.

“बाबा, आता बस झालं. मी येतो आणि घेऊन जातो.”

काकाजींनी पेपर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, “आयक. ज्या साली इथं तान्हा पोळा भरनार नाही, त्या साली मी येतो. रेल्वेवाल्याची जबान हाये.”

“आणि भरला म्हणजे किती? शंभर पोरं?”

“जोडी. दोन बैल, दोन पोट्टे. जोडी तोरनाखालून गेली का पोळा भरला.”

“ठीक आहे,” मुलगा म्हणाला. “मी पाहायला येतो.”

मी साफ सांगते, मला ते जायला नको होते. त्यांची तब्येत मलाही दिसत होती, मुलाचं चुकत नव्हतं, हे सगळं मला समजत होतं. पण रेवाला या शहरात आजोबा म्हणून दुसरं कोणी नव्हतं, आणि मलाही भांडायला दुसरं माणूस नव्हतं. मी ठरवलं, पोळा भरवायचाच. एक बैल तर आपल्या घरात आहेच, दुसरा आणायला काय लागतं?

काय लागतं ते मला त्या आठवड्यात कळलं. मी आणि रेवा घरोघर फिरलो. पाऊस, चिखल, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पोट्टी. “अरे भाभी, उस दिन तो उसका अबॅकस है.” “दीदी, हमारा वाला तो अब बड़ा हो गया, शरमाता है.” हे बोलणारे आडनावानं पक्के आपले, आणि बोलतात बघा कसे! एका बाईनं तर विचारलं, “ये अभी भी होता है?” मी म्हटलं, “होतो. आणि तुमच्या सासऱ्यांनी याच गल्लीत बैल ओढलेत, विचारा त्यांना.” आतून सासरे खोकले, पण बाहेर आले नाहीत.

छत्तीसगढी शेजाऱ्यांची पोरं मिळतील असा माझा भरवसा होता. पोळा त्यांचाही असतो, पोरा म्हणतात, आणि मातीचे बैल घेऊन पोरं दिवसभर खेळतात. पण संध्याकाळपर्यंत त्या मातीच्या बैलांचे पाय मोडलेले असतात, आणि पोरा झाला की इथल्या बायका तीजेच्या उपासाला माहेरी जातात. आमच्या समोरची दारात बॅगा भरूनच उभी होती. “तीजा बर मइके जावत हन दीदी, लइका मन घलो जाही,” ती म्हणाली. पोरंही चालली. तिला कोणत्या तोंडानं थांबवू? वर्षातून एकदा ती बिचारी आईकडे जाते.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या घरातला एक पोरगा कबूल झाला. त्याच्या आईनं देवाची शपथ घेऊन सांगितलं, “पक्का भेजूंगी.” मी पंडरीच्या कापडबाजारात जाऊन दोन झुली होतील एवढा लाल कपडा आणला आणि रेवाच्या बैलाबरोबर त्या पोराच्या बैलाचीही झूल शिवली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काकाजी सकाळपासून धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून तयार. विजेच्या खांबापासून पेरूच्या झाडापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण त्यांनी स्वतः बांधलं. मी स्टूल धरून ठेवला आणि चक्कर येऊ नये म्हणून मनातल्या मनात सगळे देव धरले. मुलगा सकाळच्या गाडीनं पुण्याहून पोचला होता. पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा थकलेला. ओसरीवर खुर्ची टाकून तो शांत बसला होता. त्याचा तो शांतपणाच मला खुपत होता.

दुपारी रेवा आपला बैल घेऊन तोरणासमोर उभी राहिली. एकटी.

आम्ही वाट पाहिली. मी फोन केला तर त्या पोराची आई म्हणाली, “भाभी, सॉरी, रात से बुखार है, एक सौ दो.” आता तापलेल्या पोराला उठवून आण म्हणायचं का? मी फोन ठेवला आणि नालीच्या पलीकडून म्हटलं, “काकाजी, तो नाही येत.”

काकाजींचा मुलगा खुर्चीवरून उठला नाही. काकाजी तोरणाकडे बघत उभे होते.

“तुमच्या कपाटावरचा जुना बैल ठेवा ना शेजारी,” मी म्हटलं. “दोन बैल झाले.”

“बिन गार्डची गाडी असते का?”

“मग मी धरते!”

“तू माय हायेस. नालीच्या तिकडं.”

“मग तुम्ही धरा! कोण बघायला बसलंय?”

“मी बघायले बसलो ना,” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. मला इतका राग आला त्या म्हाताऱ्याचा! स्वतःच्या हातानं स्वतःला गाडीत बसवायला निघाला होता, आणि नियम काही सोडत नव्हता. मी ओरडले, “अहो, जायचंय का तुम्हाला?”

“नाही जायचं,” ते म्हणाले. “पन जबान देली.”

रेवाला यातलं काय समजत होतं देव जाणे. तिला एवढंच कळत होतं की तिला पुढं जाऊ देत नाहीत. ती बैल ओढत ओसरीपाशी गेली आणि मुलासमोर उभी राहिली.

“अंकल, आप किसके बच्चे हो?”

तो गोंधळला. मग त्यानं काकाजींकडे बोट केलं. “इनका.”

“तो आप आओ ना. मेरा बैल अकेला है.”

गल्लीत जे दोन-चार लोक होते ते हसले. मी हसले नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यानं फक्त बसून राहायचं होतं. बसून राहिला असता तर संध्याकाळी बापाचं सामान बांधून मोकळा झाला असता. तो उठला आणि आत गेला. मला वाटलं, वैतागून गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बैल होता. जुना, शिंगाचा रंग उडालेला, एक चाक नंतर बसवलेलं. काकाजींच्या कपाटावर असायचा तो. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारून तो माझ्या पोट्टीशेजारी रांगेत उभा राहिला. मी घाईघाईनं दुसरी झूल नालीपलीकडून फेकली, ती त्यानं आपल्या हातानं बांधली.

काकाजी दोघांसमोर आले. कोणालाही सूट नव्हती. “झडती,” ते म्हणाले.

रेवानं दोरी घट्ट धरली आणि एका दमात म्हटलं:

“चना रे चना, फुटाना चना,
काकाजी म्हणते झडती म्हना,
झडती माह्या ओठात,
लाडू पाहिजे ताटात!”

“पास. तू?”

मुलानं घसा खाकरला. मला वाटलं, आता हा हिंदीत किंवा इंग्रजीत काहीतरी बोलून सुटका करून घेईल. पुण्यात राहून राहून त्याचं बोलणं अगदी साफ झालं होतं, फोनवर मी ऐकत आले होते. पण त्यानं बापाकडे बघितलं आणि त्याच्या तोंडून निघालं ते इथलंच:

“खांब रे खांब, सिग्नलचा खांब,
बाप म्हणते लेकाले, लांबच थांब,
लेक करते फोनावर फोन,
बाप म्हणते, बोलून राहिला कोन?”

सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी लेकाच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, चाक फिरवून पाहिलं आणि बाजूला झाले. जोडी तोरणाखालून गेली. महादेवाचा गजर झाला आणि काकाजी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पेरूवरचे पोपट उडाले, “पोळा भरला!”

मी नालीच्या काठावर उड्या मारल्या. खरंच मारल्या. जिंकलो होतो आम्ही!

मग जोडी बोजाऱ्याला निघाली. पुढं माझी पाच वर्षांची, मागं तो. गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला ओळखून तोंडावर हात ठेवायच्या, “अगो बाई, हा तर काकाजींचा!” आणि त्याच्याही हातावर चॉकलेट ठेवायच्या. सगळ्यात शेवटी ते काकाजींच्या दारात आले.

काकाजींचा बोजारा म्हणजे आणखी एक तऱ्हा. ते स्वतःहून काही द्यायचे नाहीत. “माग,” म्हणायचे, आणि पोरानं जे मागितलं ते घरात असलं तर दिलंच. एकानं त्यांची गार्डाची शिट्टी मागितली, तीही दिली. एका पोट्टीनं कुकर मागितला. तिच्या आईनं लाजून परत आणला, तर घेतला नाही. कितीतरी दिवस पातेल्यात भात शिजवत होते. दारावर आलेला बैल रिकामा जात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

“माग,” ते रेवाला म्हणाले.

“दोन लाडू.”

दिले. मग लेकाकडे वळले. “माग.”

तो दोरी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा होता. “बाबा,” तो म्हणाला, “पोळा भरला. तुमची जबान राहिली. आता बोजारा मागतो. मले तुम्ही पाहिजे. माह्या घरी चला.”

अरे लबाडा! बाप तो बाप, लेक तर सवाई निघाला. मी काकाजींकडे बघत होते. आता पेपर उघडा, मनात म्हणत होते, म्हणा सिग्नल नाही. म्हणा ना!

ते चौकट धरून उभे राहिले, आणि त्यांची हनुवटी लहान पोरासारखी थरथरायला लागली. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“लय पोट्टे आले बावा या दारात,” ते म्हणाले. “कोनी लाडू मागतले, कोनी शिट्टी मागतली. मले कोनीच मागतलं नोव्हतं.”

आणि त्यांनी लेकाच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली, बैल उंबऱ्यावरून आत ओढला, आणि आत गेल्यावर म्हणाले, “माहं स्वेटर कोठी हाये, पाय बरं. पुन्यात थंडी असते म्हनतेत.”